कारध्याच्या यादीत सगळेच मृत

मित्रांनो, दुपारपासून कामात मन लागत नाहीये, म्हणून लिहितोय.

भंडाऱ्याजवळच्या कारधा गावातल्या एका मासेमार संस्थेची वेबसाइट मी सांभाळतो. आज सकाळी एक काकू भंडाऱ्याला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आल्या. त्यांचे यजमान संस्थेचे जुने सभासद होते, मागच्या महिन्यात गेले. यादीत त्यांच्या नावापुढे 'मृत' लिहिल्याशिवाय काकूंचं नाव चढत नाही, आणि नाव नसेल तर जाळं टाकता येत नाही.

वेबसाइटवरून करायला गेलो तर एरर. तीनदा तेच. वैतागून थेट डेटाबेसमध्ये क्वेरी, म्हणजे नोंद बदलायची आज्ञा, चालवली आणि कोणाला मृत करायचं, ती अटच टाकायची राहिली. एका क्षणात सगळे सभासद मृत!

थोड्याच वेळात मोबाइलवर यादी बघून संस्थेच्या सचिवांचा फोन. "काहून रे बाबू, मले मारून टाकलं का? मी तर घाटावर जाळं धुऊन राहिलो!"

काकूसुद्धा हसल्या. मी घाम पुसला आणि सकाळचा बॅकअप टाकला. सगळे परत जिवंत झाले. काकूंचे यजमानही.

नाव बरोबर आहे का ते बघायला मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. काकूंनी नावावर बोट ठेवलं, मग पुढचा शब्द अक्षर अक्षर लावून वाचला. जिवंत.

मी माउस धरला तर म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे ना बाबू. मी उद्या येतो."

क्वेरी लिहून ठेवली आहे, यावेळी अटीसकट. फक्त एंटर दाबायचं बाकी आहे. तुमच्याने दाबवलं असतं का?