कोकण अंतिम फेरीत

वडिलांसाठी मी दवाखान्यात बसून होतो. वॉर्डातल्या टीव्हीवर प्रांताप्रांतांमधली गाण्याची स्पर्धा चालू होती. शेजारच्या खाटेवरच्या काकांची मुलगी कोकणाकडून गात होती. काकांना आता श्वासही पुरत नव्हता.

"तिला बोलावून घ्या ना," मी काकूंना म्हटलं.

"ह्यांनी शपथ घातलीय, स्पर्धा संपेपर्यंत तिला काही कळवायचं नाही."

सगळा वॉर्ड मोबाइलवरून तिला मतं देत होता. काकू मात्र तोंडाला पदर लावून पुटपुटत होत्या, "हरू दे रे देवा, घरी येऊ दे तिला." जिंकण्याची एवढी भीती मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती.

निकाल लागला. कोकण अंतिम फेरीत गेलं. वॉर्डात टाळ्यांचा कडकडाट झाला. डोळे मिटूनच काका किंचित हसले. ते पाहून काकूही टाळ्या वाजवू लागल्या.