टेपकाकीचं माप

परवा दादरच्या एका दुकानात ब्लाऊजचं माप द्यायला गेले होते. मास्तरांनी टेप गुंडाळली आणि काउंटरवरच्या बाईंना मोठ्यानं आकडे सांगायला सुरुवात केली. छाती अमुक, कंबर तमुक, आणि मग जरा थांबून, "दंड एक इंच जास्तच लिहा." दुकानात आणखी चार बायका होत्या. चौघींनीही माझ्या दंडाकडे पाहिलं. त्या क्षणी मला टेपकाकीची अशी काही आठवण आली की कापड तिथंच टाकून बाहेर पडावंसं वाटलं.

टेपकाकीनं उभ्या आयुष्यात कुणाचं माप मोठ्यानं वाचलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, अगदी शेजारच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन. गळ्यात पिवळी टेप कायम. देवळात जाताना मंगळसूत्राबरोबर तीही जाई, म्हणून चाळीतल्या पोरांनी हे नाव पाडलं. माप घेताना ती टेपवर अंगठ्याचं नख रोवायची, तशीच टेबलापाशी जायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पानावर खूण करायची. आकडा तोंडानं नाही आणि कागदावरही नाही. कागद कापून झाला की त्यावर फक्त नाव: 'सावंतीण', 'तळमजला नवी सून', 'शैली'. ही शैली म्हणजे मी. "माप घ्यायचं असतं, वाचायचं नसतं," असं ती म्हणे. चाळीतले सगळे घेर तिच्या खाटेखालच्या ट्रंकेत बंद होते. सासवा सुनांचं माप काढून घ्यायला येत, सुना जावांचं. त्यांना चहा मिळायचा, बातमी मिळायची नाही.

स्वतः काकी अंगानं चांगलीच भरलेली. ती दारात उभी राहिली की दार लावून घेतल्यासारखं वाटे. स्वतःवरचा विनोद मात्र तिनंच आधी करायचा, दुसऱ्याला संधी द्यायची नाही. "माझ्या एका ब्लाऊजात तुमची दोन होतात, नि उरलेल्या कापडात बाळाचं झबलं," असं म्हणून ती अशी हसे की खुर्चीबरोबर मशीनही हलायचं. खाण्यावर तिचा मनापासून जीव. घरात बांगड्याचं तिखलं असेल त्या दिवशी तिचं जेवण होईपर्यंत कापड घेऊन जायची कुणाची छाती नव्हती. पण एकदा मी तिच्या मशीनवर माझी फाटकी पिशवी शिवत बसले होते, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाली, "शैले, मला आजपर्यंत कुणी बारीक म्हटलेलं नाय गो. लहानपणीसुद्धा नाय." एवढं बोलून, दोरा उलटा ओवल्याबद्दल तिनं मला झापलं.

शिवणीत आतल्या अंगाला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. काकी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडायची. "बाई आज आहे तशी उद्या नसते," तिचं म्हणणं. "बाळंतपण येतं, दुखणं येतं, कधी सुखही येतं. उसवून मोठं करता आलं पाहिजे." कापड वाचवायला माया कापून टाकणारे मास्तर तिला चोरासारखे वाटत. स्वतःच्या ब्लाऊजांना मात्र ती माया ठेवत नसे. वाढायला जागा ठेवली तर अंग ती भरून काढतं, असा तिचा पक्का समज होता.

साठीच्या जवळ आली तसे तिचे गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, पायानं मशीन मारणं होईना. डॉक्टरांनी पोट छोटं करायचं ऑपरेशन सुचवलं. तिचा एकुलता मुलगा राजू विमानतळावर पाळ्यांमध्ये काम करतो. त्यानं महिनाभर मागे लागून तिला तयार केलं. काकी ऑपरेशनला घाबरली नाही, त्यानंतरच्या जेवणाला घाबरली. "पोट कसलं, बटवा झालाय माझा," ती घरी आल्यावर म्हणाली. "दोन सुपाऱ्या नि एक लवंग, संपली जागा." वाटीभर आमटीभात खायला तिला अर्धा तास लागे आणि एक घास जास्त झाला तर दरदरून घाम फुटे. पण दीड वर्षात काकी निम्मी राहिली. जिना न थांबता चढू लागली. जुने ब्लाऊज आत घेता घेता शिवणीत एवढं कापड जमलं की हातात घेतले तर जड लागायचे. माझ्याही नशिबी माया आली म्हणायची बाई, असं म्हणत ती ते मला उलटे करून दाखवी.

मग वजन थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहील, आणि वर्षभर तसं राहिलंही. त्यानंतरच्या दिवाळीपासून काकी पुन्हा उतरायला लागली आणि चाळीत कौतुकाला ऊत आला. जो तो म्हणे, "काकी, काय बारीक झालीस!" कोळीण म्हणाली, पोस्टमन म्हणाला, सत्यनारायणाला आलेले भटजीसुद्धा म्हणाले. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना मीही म्हटलं, "काकी, आता कॉलेजात नाव घालायला हरकत नाही." ती लाजली. साठीची बाई नव्या नवरीसारखी लाजली आणि मला माझ्याच गोड बोलण्याचं कौतुक वाटलं. आपल्याकडे बारीक झालीस म्हणायची पद्धत आहे, का झालीस असं विचारायची नाही.

मार्चमध्ये ती जिन्यातच चक्कर येऊन बसली. तपासण्या झाल्या आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलात, रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन ती बाकावर बसली होती. राजूला ड्युटी होती म्हणून मी बरोबर होते. न राहवून मी विचारलं, "काकी, तुला कळलं कसं नाही? तू तर टेपवाली."

"कळलं होतं की," ती शांतपणे म्हणाली. "दर पंधरवड्याला ब्लाऊज आत घेत होते. टेप काय खोटं बोलते? पण सगळी जणं बारीक बारीक म्हणत होती गो. बरं वाटत होतं. म्हटलं, चालू दे अजून थोडे दिवस."

त्या सगळ्या जणांमध्ये मी होतेच.

आतड्याचं ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाली. खरी परीक्षा तिथून पुढे. बाकीच्या पेशंटांचीही तोंडाची चव जाते, पण त्यांचं पोट निदान पोटाएवढं असतं. काकीच्या बटव्यात मुळात दोन चमचे जायचे, त्यातला एक बाहेर यायचा. त्यात मे महिना. खाली गल्लीत मसाल्याच्या गिरणीतले डंख दिवसभर मिरच्या कुटत होते. ज्या वासावर ही बाई चाळीस वर्षं भूक धरून होती, त्या वासानं आता तिला उमासे येत. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि आत उकडून निघायचो. डॉक्टरांनी एक आकडा सांगितला. वजन त्याच्या खाली गेलं तर पुढची केमो लांबणार, आणि सारखी लांबत गेली तर दुखणं डोकं वर काढणार. तो आकडा मी इथे लिहीत नाही. काकीला आवडलं नसतं. आयुष्यभर जी बाई वजन उतरावं म्हणून झुरली, तिला आता ते वाढावं म्हणून गिळायचं होतं.

चौथ्या केमोला आम्ही गेलो तेव्हा तिची साडी फार छान नेसलेली दिसली. निऱ्या कशा एका रेघेत, सरळ खाली. मी तसं म्हटलंही. वजनाच्या रांगेत ती लोखंडी बाकावर टेकली आणि खालून टण्ण असा आवाज आला. मी वाकून साडीचा काठ चाचपला. आत परकराचा घेर दगडासारखा लागला. पडदे सरळ पडावेत म्हणून त्यांच्या खालच्या पट्टीत शिशाचे चपटे तुकडे घालतात. एका ऑफिसच्या पडद्यांचं काम तिनं मागे केलं होतं, त्यातले उरलेले सगळे तुकडे तिनं परकरात ओळीनं शिवून घेतले होते.

"काकी!"

"गप," ती कुजबुजली. "किलोभर तर आहे. पुढच्या आठवड्यात खरं भरून काढते."

"अगं, औषध वजन बघून ठरवतात. जास्तीचं औषध तुला झेपणार आहे का?"

"औषध जास्त मिळालं तर बरंच की. मला संपवायचंय हे, शैले. सारखं पुढे पुढे नको."

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. ती काट्यावर उभी राहिली, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. सिस्टरनी आकडा बघितला, खूश झाल्या आणि पेन उघडलं. मला अजूनही कळत नाही मी एवढ्या मोठ्यानं का बोलले. "सिस्टर, लिहू नका," मी म्हटलं. "परकरात शिसं शिवलंय." सगळी रांग आमच्याकडे वळली. सिस्टर आधी हसल्या, मग त्यांनी काकीचा चेहरा पाहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पडद्यामागे नेलं. खरं वजन आकड्याच्या खाली भरलं. केमो दहा दिवस पुढे गेली.

चाळीच्या दारात टॅक्सीतून उतरल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू माझं माप चव्हाट्यावर वाचलंस."

मी केलं ते बरोबर होतं. डॉक्टरांनी तसं म्हटलं, राजूनं म्हटलं, माझ्या ऑफिसातल्या बायकांनीही म्हटलं. त्या बरोबरपणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही. मी रोज सकाळी ऑफिसला जाताना तिच्या दाराशी वाटी ठेवायची: कधी नाचणीचं सत्त्व, कधी मुगाचं कढण, कधी नुसती साय. संध्याकाळी वाटी माझ्या उंबऱ्यावर परत येई, घासलेली, स्वच्छ आणि रिकामी. रिकामी वाटी परत करायची नसते, हे मला तिनंच शिकवलेलं होतं. निदान चार दाणे साखर घालायची. रोज ती रिकामी वाटी उचलताना मला थोबाडीत बसल्यासारखं वाटे. राजूकडून कळायचं तेवढंच. आई मोबाईलमध्ये दर अर्ध्या तासाला गजर लावते आणि डोळे मिटून दोन चमचे गिळते, असं तो सांगे.

आठव्या दिवशी वाटीत साखर होती. मी तिथंच, चपला न काढता, ती तोंडात टाकली. तेवढ्यात काकीच्या दारातून आवाज आला, "उद्याची नाय, परवाची सुट्टी टाक. आणि येताना तोंड सरळ ठेव, रडूबिडू नकोस."

त्या दिवशी हॉस्पिटलात ती काट्यावर चढण्याआधी माझ्याकडे वळली आणि पाय किंचित पुढे केला. "बघ चाचपून," ती म्हणाली. मी नको म्हणत होते, तरी तिनं माझा हात धरून काठावर ठेवला. नुसतं सुती कापड होतं. वजन आकड्याच्या वर भरलं, अगदी जेमतेम, पण वर. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सिस्टरांना फक्त "लिहा" म्हणाली.

पुढच्या सगळ्या केमो वेळेवर झाल्या. गणपतीत ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली, पुन्हा मशीनवर बसली, माझे दोन ब्लाऊजही शिवले. आठ-नऊ महिने बरे गेले. मग दुखणं यकृतात निघालं आणि यावेळी डॉक्टरांनी कुठलाच आकडा सांगितला नाही.

तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. शेजारच्या खोलीत आता भाडेकरू आहेत, चांगली माणसं आहेत. त्यांचं दार वाजलं की मी अजूनही हातातलं काम थांबवून कान देते. काकी हवी होती. ब्लाऊजसाठी नाही, नुसती. येता-जाता "काय गो, जेवलंस?" असं विचारायला.

ती जायच्या चार दिवस आधी, दुपारी, मी घाईघाईनं पेज करून नेली. ती खाटेवर उशीला टेकून होती. मी चमचा पुढे केला तशी तिनं मान हलवली.

"आता नको. आता कोण वजन करायला बसलंय?"

मी वाटी खाली ठेवायला गेले.

"ठेवू नकोस. तू खा. इथं बस नि खा."

"मी जेवलेय, काकी."

"तरी खा. कुणी पोटभर खाताना बघितलं नाय मी कित्येक दिवस. सगळी माझ्यासमोर खायला लाजतात. राजूपण बाहेर जाऊन खातो."

मी खाटेच्या कडेला बसून पेज खाऊ लागले. ती एकटक बघत होती, माझ्या हाताकडे, तोंडाकडे, घशाकडे. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मीठ बरोबर पडलंय?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

घाईत मी मीठ घातलंच नव्हतं. ती अळणी पेज मी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली, आणि काकी बघत राहिली.