पंचविसावा महिना

ऐंशीच्या दशकात मोका गावातल्या आमच्या कचेरीत दुसरा कॉम्प्युटर आला. नोकरांच्या जन्मतारखा त्यातही भरायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही आधी दिवस लिहितो, मग महिना; जुनं यंत्र तसंच वाचायचं. नवं अमेरिकेचं, त्याला आधी महिना लागायचा, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कचेरीत बागकाम करणाऱ्या, रोझ बेल गावाहून येणाऱ्या काकांची २५/३ ही तारीख त्याने नाकारली. मी काकांनाच दोष दिला आणि नवा जन्मदाखला आणायला पिटाळलं. दोनदा बसने जाऊन ते तसाच दाखला घेऊन आले. दुसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, महिना अक्षरांत लिही ना. मार्च म्हटल्यावर कोण चुकेल?"

मी चिडले, पण त्याच दुपारी फॉर्मवर दिवस, महिना, वर्ष असे वेगळे रकाने आखले आणि महिना अक्षरांत लिहायचं ठरवलं. मग नव्या यंत्रात आधी भरलेल्या नोंदी तपासल्या. बारा तारखेपर्यंतचे सगळे दिवस यंत्राने महिने समजून निमूटपणे घेतले होते. त्यात मीही होते. इतके दिवस मी पाच ऑगस्टऐवजी आठ मेची होते, आणि माझा दाखला कुणी मागितला नव्हता.