दादाचा प्रश्न परत सांगताना

"थांबा काका, जरा श्वास घ्या. आतापर्यंत तुम्ही चार वाक्यं बोललात आणि चारही अर्धी सोडलीत. आता मी सांगते, चुकलं तर हात वर करा. तुम्हाला एवढंच विचारायचंय ना, की माणूस गेल्यावर चार लोकांत त्याच्याबद्दल खोटं चांगलं बोलायचं, की खरं वाईट?"

"तेच! तेच म्हणत होतो मी!" इंजिनियरकाका म्हणाले.

"म्हणत नव्हता, पण असू दे. मान डोलवा म्हणजे पुढं जाता येईल."

काकांनी मान डोलावली. खोली हसली. समोर बसलेल्या पाहुण्या वक्त्या, दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई, त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "खरं बोलावं. पण सगळंच खरं त्याच दिवशी बोलून टाकायला पाहिजे असं नाही."

हे चालू होतं मोटार शिकवणाऱ्या एका शाळेच्या वर्गात. रविवारी सकाळी शाळेला सुट्टी, म्हणून खोली फुकट मिळायची. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात उभं चिरून ठेवलेलं इंजिन, त्याच्यावर कुणीतरी वाळत टाकलेली छत्री, आणि मध्ये चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कागदावर नाव मोठं होतं, मानवतावादी मंडळ. बोलायला 'रविवारची बैठक'. देव असो नसो, माणसाचं माणसालाच निस्तरावं लागतं, तर ते डोकं लावून आणि जीव लावून निस्तरावं, एवढं मानणारी ही माणसं. महिन्यातून दोनदा कुणीतरी येऊन बोलायचं आणि मग बाकीच्यांनी विचारायचं.

पण विचारण्याची एक रीत होती. या मंडळात प्रश्नाला लगेच उत्तर मिळत नसे. आधी तिसऱ्याच माणसानं तो प्रश्न सोप्या शब्दांत परत सांगायचा. "हो, हेच म्हणतोय मी," अशी विचारणाऱ्यानं मान डोलावली, की मगच वक्त्यानं तोंड उघडायचं. तीनदा सांगूनही मान हलली नाही, तर सांगणाऱ्यानं खाली बसायचं आणि दुसऱ्यानं उठायचं. कधी काळी दोन सभासद दीड तास भांडले, खुर्चीवर उभे राहून भांडले, आणि शेवटी निघालं काय, तर दोघांचं म्हणणं एकच. त्या दिवशी मंडळाच्या प्रमुखांनी, म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी, हा नियम घातला. आणि परत सांगायला गेली अकरा वर्षं एकच बाई उभी राहायची. दोन दुकानं पलीकडची चष्मेवाली, आत्ता काकांना थांबवणारी तीच.

चष्मेवाली शिकली होती बेताची. पण दिवसभर तिच्यापुढं येऊन बसणारी माणसं सांगतात एक आणि त्यांना होत असतं दुसरंच. नाकावर टोचतंय म्हणून आलेल्या माणसाच्या चष्म्याची काडी खरं तर कानामागं चुकीची वाकलेली असते. ते ओळखता ओळखता तिचे केस पिकले. बैठकीतल्या मोठमोठ्या माणसांचे फुगलेले प्रश्न ती टाचणी लावल्यासारखे बसवायची, आणि लोक तिच्यासाठीच यायचे असं भूगोलाच्या बाई खाजगीत म्हणायच्या.

खोड एकच होती तिला. कुणाच्या हाती काही द्यायची नाही. खुर्च्या हीच लावणार, पाण्याचे तांबे हीच भरणार, तक्त्यावर विषय हीच लिहिणार. दुकानात कामाला ठेवलेली मुलगी दोन महिन्यांत निघून गेली. जाताना म्हणाली, "ताई, मला पगार नुसतं बघण्याचा मिळतो. बघून बघून डोळे दुखतात." नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "ही एक दिवस बसमध्ये चढेल आणि मला म्हणेल, सरका, मी चालवते."

तर त्या रविवारचा विषय होता, 'विधी न करता निरोप कसा द्यावा'. नर्सबाई असे निरोपाचे कार्यक्रम करून द्यायच्या. त्यांचं बोलणं छान झालं होतं, काकांचा प्रश्नही मार्गी लागला होता, आणि भूगोलाच्या बाई "अजून कुणी?" म्हणून खोलीवरनं नजर फिरवत होत्या. तेव्हा मागच्या भिंतीशी, 'वेग कमी करा'च्या तक्त्याखाली, एक माणूस उभा राहिला. रुंद खांदे, उन्हानं रापलेली मान, हातात गुंडाळलेली टोपी.

तो चष्मेवालीचा थोरला भाऊ होता.

तीन वर्षं दादानं तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. वहिनीचा फोन यायचा आठवड्याला, आणि मागनं दादाचं खोकणं ऐकू यायचं. आहे, जिवंत आहे, ऐकतोय, पण बोलणार नाही, एवढं त्या खोकल्यात असायचं. कारण होतं त्यांच्या अण्णांचं जाणं. अण्णा या बैठकीचे पहिल्यापासूनचे. देह शिकणाऱ्या डॉक्टरांना द्यायचा, हार-पूजा काही नको, असं त्यांनी सही करून ठेवलं होतं. ते गेले एका दुपारी. दादा परांच्या बांधायचा, उंच इमारतींना. तेव्हा तो लांबच्या गावी एका टाकीच्या कामावर होता. दवाखान्यातले म्हणाले, उशीर चालत नाही. तिनं सह्या केल्या, गाडी आली, गेली. दादा दुसऱ्या दिवशी पोहोचला. पुढच्या रविवारी याच खोलीत अण्णांच्या आठवणींची बैठक झाली. दादा दुसऱ्या रांगेत बसला, पाच लोकांची भाषणं ऐकली, आणि चहा न घेता निघून गेला. तो गेलाच.

का रागावला, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. आणि आता तो आला होता, हे काय कमी होतं? पण आज चुकलं आणि तो टोपी झटकून निघाला, तर पुन्हा येणार नाही, हेही ती जाणून होती. वहिनीनंच ढकलून पाठवला असणार. वहिनी तरी किती वेळा ढकलेल?

"माझं एक म्हणणं आहे," दादा म्हणाला. "तुमचं हे निरोपाचं जे काय आहे, ते चांगलं असेल. पण ते घरच्या माणसाला कोरडं पडतं. उपाशी उठवल्यासारखं वाटतं. हे असं का?"

भूगोलाच्या बाई तिच्याकडे वाकल्या. "सख्खे भाऊ तुमचे. मी उभी राहू का?"

"नको. माझंच काम आहे हे," ती म्हणाली आणि उठली.

"दादाचं म्हणणं असं..."

"प्रश्नकर्त्याचं," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"प्रश्नकर्त्या दादाचं म्हणणं असं, की विधी केले नाहीत तर गेलेल्याला शांती मिळत नाही, अशी धास्ती घरच्यांच्या मनात राहते."

दादानं मान हलवली, पण आडवी. "मी शांतीचं नावही काढलं नाही. अण्णा जिवंतपणीच एवढे शांत होते, की जेवण झालं का विचारायला हलवावं लागायचं."

दोन-चार जण हसले. तिनं ओठ दाबले.

"बरं. मग असं, की बाहेरचे लोक नावं ठेवतात. मुलगा असून काही केलं नाही म्हणतात, आणि ते ऐकून घ्यावं लागतं."

"लोक मला काय बोलणार? मी सहा मजले वर असतो, खालचं ऐकू येत नाही." मान पुन्हा आडवी. "नाही. हे नाही."

खोलीत कुणी हसलं नाही. अकरा वर्षांत तिचं दोनदा चुकलं असं झालंच नव्हतं. इंजिनियरकाका पुढं सरकून बसले. तिसऱ्यांदा चुकलं तर उठायला तयार असल्यासारखे. मनात उत्तरं घेऊन ती उभी होती, आणि ती सगळी तिची स्वतःची होती. तीन वर्षं तिनं रात्रंदिवस दादाशी भांडण केलं होतं, त्यात दादाची बाजूही तीच बोलत होती.

नियमात आणखी एक सोय होती. परत सांगणाऱ्याचं अडलं, तर विचारणाऱ्याला एक प्रश्न विचारता यायचा. तिनं ती सोय कधी वापरली नव्हती. वापरणं म्हणजे आपल्याला जमलं नाही असं चारचौघांत म्हणणं.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली.

भूगोलाच्या बाईंनी चष्मा वर केला. "विचारा की."

"दादा, तू त्या दिवशी आलास, तेव्हा काय करायला आला होतास?"

दादानं टोपी या हातातनं त्या हातात घेतली.

"कामाचे कपडे पिशवीत घेऊन आलो होतो," तो म्हणाला. "जाड हातमोजेही होते. म्हटलं, काही उचलायचं असेल, वाहायचं असेल, खणायचं असेल, बांधायचं असेल. आपल्याला दुसरं काय येतं? आलो, तर तू दारातच म्हणालीस, दादा, सगळं झालंय, तू फक्त बस. बरं, रविवारी लवकर आलो, म्हटलं खुर्च्या तरी लावू. खुर्च्या लावलेल्या. पाणी भरलेलं. फोटो टांगलेला, तोही वाकडा. सरळ करायला उठलो, तर म्हणालीस, राहू दे, मी करते. माझा बाप गेला आणि माझ्या हातानं त्याच्यासाठी एक खिळासुद्धा ठोकला नाही. पिशवी तशीच घेऊन घरी गेलो. तुझी वहिनी म्हणाली, कपडे धुवायला टाका. काय धुवायचं? मळलेच नव्हते."

समोरच्या रांगेत कुणाचीतरी खुर्ची करकरली. मग चष्मेवालीनं नेहमीच्या आवाजात, वक्त्यांकडे तोंड करून सांगितलं.

"प्रश्नकर्त्याचं म्हणणं असं. आपल्या निरोपात सगळं बोलण्याचं काम आहे, हातांना काही कामच नाही. ज्याला बोलता येतं तो मोकळा होतो. ज्याला हातानंच येतं, त्याला आपण खुर्ची देतो आणि बस म्हणतो. आणि जे थोडंफार काम असतं, ते एखादी उतावळी बाई एकटीच करून टाकते. मग तो माणूस हात न मळवताच परत जातो. हे असं का?"

दादानं तिच्याकडे बघितलं आणि मान उभी हलवली. एकदा नाही, तीन-चारदा.

"उतावळी मी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "पण असू दे."

आता उत्तर द्यायची पाळी नर्सबाईंची. त्यांनी पेन काढलं आणि आधी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. "माझं इथंच चुकत आलंय," त्या म्हणाल्या. "मी लोकांच्या घरी जाऊन विचारते, कोण बोलणार, कोण वाचणार, कोण गाणार. उचलणार कोण, हे मी कधी विचारलं नाही. यापुढं तेच आधी विचारीन."

"याला जोडून माझा एक उपप्रश्न..." इंजिनियरकाका उठले.

"काका, बसा!" सगळी खोली एका सुरात म्हणाली.

बैठक मोडली. नेहमीप्रमाणे चष्मेवाली खुर्च्यांकडे वळली, तर दादानं आधीच सहा एकात एक घालून उचलल्या होत्या आणि काकांना झापत होता, "पंधराच्या वर रचता होय? खालचीचे पाय फाकतात. इंजिनियर आहात ना तुम्ही?" काका निमूटपणे वरच्या चार काढत होते, आणि खूश दिसत होते.

ती दाराशी हात बांधून उभी राहिली. हात बांधून उभं राहणं तिला अवघड जात होतं, पण राहिली. शेवटची चळत भिंतीला लागल्यावर ती म्हणाली, "दादा, अण्णांचं कपाट."

"कुठलं? ते लाकडी धूड?"

"दुकानाच्या मागच्या खोलीत आहे अजून. त्यांनी ते खोलीतच बसून बनवलं होतं, आता दारातनं निघत नाही. तीन माणसं बघून गेली. म्हणाली, तोडावं लागेल. मी तोडू दिलं नाही. आणि ते एकटीला हलत नाही."

"तुला हलत नाही?" दादा म्हणाला. "मग बघायलाच पाहिजे."

दुकान बारा वाजता उघडायचं. पायरीवर एक शिक्षक आधीच येऊन बसले होते, मोडका चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून. "सकाळी म्हणालात बारा, आता बारा दहा झाले," ते म्हणाले. तिनं कुलूप काढलं, दादाला मागची खोली दाखवली, आणि येऊन काचा घासायच्या चाकापुढं बसली. शिक्षकांची काच हातात घेतली, कड बोटानं चाचपली.

आतनं मोठ्यानं आकडे म्हणत वितीनं मापल्याचे आवाज आले. मग फळी ठोकल्याचे.

"अगं, कपाटाला काही करायचं नाही!" दादा आतनं ओरडला. "चौकट काढावी लागेल. चौकटीला खाली दोनच खिळे आहेत. तोडा म्हणणारे कोण होते ते गाढव?"

"काढ की मग!"

"मंगळवारी दोन माणसं आणि दोर घेऊन येतो. तोवर खिळे सैल करून ठेवतो. पक्कड कुठाय?"

"थांब, मी देते..." म्हणून ती अर्धी उठली. मग परत बसली. "डावीकडच्या खणात बघ! नसेल तर उजवीकडच्या! शोध तूच!"

खण ओढल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग सगळं खाली सांडल्याचा.

"ताई, आत काहीतरी पडलं," शिक्षक म्हणाले.

"पडू द्या," ती म्हणाली. चाकावर पाणी सोडलं, पायानं कळ दाबली, आणि काचेची कड घासायला लागली.