मास्तरांची वही

एखादी ओळ लागली नाही की जपानी अण्णा वही मिटत नसत. मान जरा डावीकडे वळवून, तिथे कुणी बसलं असावं तसे थांबत आणि म्हणत, "आज मास्तर गप्प आहेत." ओळ लागली तर एकच शब्द, "बोलले." पहिल्या दिवशी मी डावीकडे पाहिलं होतं. तिथे एक रिकामं स्टूल होतं आणि त्याच्यामागे जयनगरचे मोकळे प्लॉट, चुन्याच्या खुणा मारलेले. मास्तरांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती.

अण्णा फौजेत रसदीकडे कारकून होते. सिंगापूर पडलं तेव्हा पकडले गेले आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या छावणीत राहिले. परतले ते मोडकंतोडकं पण भराभर जपानी बोलत, म्हणून या कानडी मुलखातल्या मराठी घरांतून त्यांचं नाव जपानी अण्णा पडलं. मास्तर म्हणजे त्या छावणीच्या कोठारावरचा एक उतारवयाचा जपानी कारकून, मूळचा खेड्यातला शाळामास्तर. त्याची हातानं लिहिलेली वही अण्णांकडे होती आणि अण्णांना ती वाचता येत नव्हती. त्यांना येत होतं ते बोलण्याचं जपानी. मास्तरांनी लिहिलं होतं ते जुनं, ग्रंथातलं जपानी, तेही कुंचल्यानं, अक्षरात अक्षर ओवून.

जुन्या जपानीचं एक व्याकरण आणि एक शब्दकोश अण्णांनी कुठून कुठून मिळवले होते. दोन्ही इंग्रजीत, बारीक टाइपात. छावणीतल्या उपासमारीनं अण्णांचे डोळे अधू झाले होते. कडेचं दिसे, समोरचं धूसर. मान वळवायचं कारण ते, हे मला पुढे कळलं. स्टुलाचं कारण मात्र त्यात बसत नव्हतं. त्यांची मोठी बहीण, जिला सगळी आळी अक्काच म्हणे, तिला इंग्रजी येत नव्हतं. हळदीकुंकवाला तिनं माझ्या आईला विचारलं, "तुमची मुलगी कॉन्व्हेंटची ना? रविवारी सकाळी पाठवा की. स्वल्प वाचून दाखवील." मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

"तू फार बोलत नाहीस म्हणे?" अण्णांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मला मान दिसत नाही, पुट्टी." पुट्टी म्हणजे कानडीत छोटी मुलगी.

"नाही बोलत," मी म्हणाले.

"सरी, ठीक. मग जमेल आपलं."

व्याकरण वाचून दाखवता दाखवता मीच शिकू लागले. तक्तेच्या तक्ते होते. आज जपानात कुणी बोलत नाही अशी क्रियापदांची रूपं, आणि त्यातून लिहायचं एक, वाचायचं दुसरं. 'अहारे' असं लिहिलेलं असे आणि ते 'अवारे' वाचायचं असे. शाळेत नन्सनी आम्हाला स्पेलिंगसाठी कोपऱ्यात उभं केलेलं, त्यामुळे मला हा अन्यायच वाटला. अण्णा म्हणाले, "तू 'सिंह' लिहितेस आणि म्हणतेस काय?" मी मनात म्हणून पाहिलं. सिंव्ह. त्यानंतर मी तक्रार केली नाही. त्या 'अवारे'चे शब्दकोशात सात अर्थ होते. अण्णांनी ते सातही ऐकून घेतले आणि विचारलं, "यात पश्चात्ताप आहे का कुठे?" मी पुन्हा पाहिलं. नव्हता.

मास्तरांचं जोडलेलं अक्षर सोडवायची अण्णांची युक्ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. त्यांचे वडील एका देवस्थानात मोडी लिहीत असत आणि लहानपणी अण्णा त्यांच्या शेजारी बसून मोडी वाचायला शिकले होते. "अक्षर बघू नकोस, हात बघ," ते म्हणत. "हात कुठून निघाला, कुठे वळला, कुठे दमला." मग एक कोरडा बोरू माझ्या हातात देत. तो कागदाच्या केसभर वर धरून मास्तरांच्या ओळीवरून वरून खाली फिरवायचा. दहा-बारा वेळा फिरवलं की हाताला अक्षर कळे, डोळ्याला नंतर. मला ते फार आवडे आणि थोडी भीतीही वाटे. मेलेल्या माणसाचा हात आपल्या हातात घालून चालल्यासारखं वाटायचं.

पण याच मोडीनं त्यांना फसवलंही होतं. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि तिला अक्षरं टांगतो. वाचणारा ती रेघ वाचत नाही. मास्तरांच्या पानावर मधूनमधून एक लांब उभी रेघ खाली उतरत असे. अण्णांनी ठरवून टाकलं होतं की ही मास्तरांची टांगायची रेघ, फक्त उभी. माझ्या येण्याआधी भिंगातून, मान वाकडी करून, त्यांनी चाळीसेक पानं उतरवली होती, त्या सगळ्या रेघा सोडून. व्याकरणाच्या मागे अक्षरांचा एक तक्ता होता. एका रविवारी मी तो पानाशी लावून पाहत होते.

"अण्णा, हा 'शि' आहे."

"कुठला?"

"ही रेघ. तुम्ही सोडता ती."

आतून अक्का हसली. "बापानं शिकवलेली रेघ! मेलं तरी सुटायची नाही!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी बोट त्या रेघेवर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "म्हणजे इतकी वर्षं मास्तर बोलत होते आणि मी रेघ म्हणून सोडून देत होतो," ते म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर ठळक, सुट्या अक्षरांत मास्तरांच्या मुलीचं नाव होतं आणि गावाचा पत्ता. ते अण्णांनी पहिल्या दिवशीच वाचलं होतं. अक्काचं म्हणणं साधं होतं. कॉफीचे पेले ठेवताना ती ते दर दोन-तीन महिन्यांनी म्हणे, "अरे, पत्ता लिहिलाय म्हणजे पाठवायला दिलीय. तू पोस्टमन, आणि पत्रं फोडून वाचत बसलायस!"

"आधी कळू दे काय पाठवतोय ते," अण्णा म्हणत.

"सोळा वर्षं? अरे, तिची लेकरं शाळेत जायला लागली असतील."

अण्णा कशाची वाट पाहत होते ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. युद्ध संपलं, पहारेकरी कैदी झाले. एके सकाळी गोऱ्या साहेबानं जपान्यांना रांगेत उभं केलं. कैद्यांना मारणारा खरा माणूस आधीच पसार झाला होता. कुणीतरी मास्तरांकडे बोट दाखवलं, कारण दोघेही ठेंगणे आणि चष्मेवाले. "मास्तर साहेबाला म्हणत होते, मी कोठारात होतो, याला विचारा. याला म्हणजे मला. साहेबानं मला विचारलं, तुला यांची भाषा येते ना, हा काय म्हणतो?"

"मग?" मी विचारलं. आपण होऊन विचारलेला तो माझा पहिला प्रश्न असेल.

"ज्यांना भाषा येत होती त्यांच्यावरच संशय होता, पुट्टी. जपान्यांचे हस्तक म्हणून आमच्यातल्या दोघांना आदल्या दिवशी नेलं होतं. मी म्हणालो, साहेब, याचं बोलणं मला नीट कळत नाही."

खटला उभा राहायच्या आधीच मास्तर तुरुंगात तापानं गेले. एका शिपायानं अण्णांना वही आणून दिली. मरणाऱ्यानं एवढंच सांगितलं होतं, भाषा येणाऱ्या कारकुनाला द्या. हे टोचून म्हटलं की विश्वासानं, ते वहीत असणार अशी अण्णांची खात्री होती. शिक्षा असो नाहीतर माफी, ती त्या जुन्या भाषेत कुठेतरी लिहिलेली होती आणि ती वाचल्याशिवाय वही हातातून सोडायला ते तयार नव्हते.

आम्ही पाच वर्षं वाचत होतो. मी बी.ए. झाले. अण्णांना कडेचंही दिसेनासं झालं आणि मग मीच वाचू लागले, ते नुसते ऐकत. मास्तर पावसाबद्दल लिहीत, गावच्या डोंगरावरच्या धुक्याबद्दल, छावणीतल्या मुंग्यांबद्दल. मुलीचं नाव पाना-दोन पानांनी येई. एखादी ओळ इतकी सुंदर असे की मी ती घरी येऊन माझ्या वहीत उतरवून ठेवी. खरं सांगायचं तर अक्का 'पाठवून टाक' म्हणे तेव्हा मी कधी तिची बाजू घेतली नाही. मी गप्प राही. सगळ्यांना तो माझा स्वभाव वाटे. मला पुढचं पान हवं होतं.

शेवटचं पान आलं तेव्हा अण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. ते पान तुरुंगातलं होतं. आज पाऊस नाही. पलीकडे कुणीतरी खोकतं आहे. पेज पातळ आहे पण गरम. मुलगी आता माझ्या खांद्याला लागत असेल. एवढंच. खाली कोरं.

"माझं नाव?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

"कारकून? हिंदी माणूस? काहीच?"

"नाही."

"नीट बघ. हात फिरव."

मी तीनदा हात फिरवला. काही सुटलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना हलकं वाटेल. म्हणाले, "त्यांनी तुम्हाला दोष दिला नाही, अण्णा."

"शिवी द्यायची तरी नाव घ्यावं लागतं, पुट्टी," ते म्हणाले. "तेवढंही घेतलं नाही."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा वही पहिल्या पानावर उघडलेली होती. "एकदा रेघ सुटली होती ना? तसं आणखी काहीतरी सुटलं असेल." काही सुटलेलं नाही हे मला ठाऊक होतं. मी बसले आणि वाचायला लागले. अक्कानं त्या दिवशी कॉफी आणली तेव्हा टोमणा मारला नाही. ती माझ्याकडे नुसतं पाहून गेली. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्यांदा निम्म्यावर आलो असताना मला दिल्लीला जपानी शिकायला जायची संधी मिळाली. निघताना अण्णा फाटकापर्यंत आले. "तिथे चांगले शिक्षक असतील. हे पान त्यांना दाखव," म्हणाले आणि मी नक्कल केलेलं शेवटचं पान माझ्या हातात दिलं. मी ते कुणालाही दाखवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात अक्काचं पत्र आलं, अण्णा गेले. सुट्टीत मी घरी आले तेव्हा तिनं वही माझ्यासमोर ठेवली. "तू तरी पाठव आता."

पाठवण्याआधी मी मास्तरांच्या मुलीला पत्र लिहिलं. अक्काला अण्णांचं पूर्ण नाव विचारलं, वडिलांच्या नावासकट, आणि ते जपानी अक्षरांत लिहिलं. त्या सकाळी साहेबानं काय विचारलं आणि अण्णा काय म्हणाले, ते लिहिलं. वही इतकी वर्षं का थांबली, ते लिहिलं. त्यातली पाच-सहा वर्षं माझीही होती, तेही लिहिलं. पत्र वहीच्या पहिल्या पानाशी ठेवून पाकीट कापडात शिवलं आणि टपालात टाकलं.

पाच महिन्यांनी ते पाकीट दिल्लीला माझ्या खोलीवर परत आलं. टाके जसेच्या तसे होते. वर एक छापील चिठ्ठी चिकटवलेली होती, आजच्या सोप्या जपानीत. या पत्त्यावर या नावाचं कुणी नाही. मी उभ्या उभ्या, एका नजरेत वाचली. दुसऱ्यांदा वाचावी लागली नाही.