भिंतीतलं घराचं, सुटं आपलं

जगात जेवढं म्हणून सुटं आहे, ते घट्ट बसवण्यासाठीच आमच्या आतोबांचा जन्म झाला होता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नाशिक रोडच्या छापखान्यात यंत्रांच्या देखभालीवर त्यांनी नोकरी केली आणि नव्वद सालच्या सुमारास जेल रोडला छोटा बंगला बांधला. बांधला म्हणजे गवंड्याने भिंती उभ्या केल्या. बाकी सारं आतोबांनी स्क्रूने, बोल्टने आणि सिमेंटने जखडलं. भिंतीवरचं घड्याळ चार स्क्रूंवर, त्यामुळे सेल बदलायचा तर आधी पेचकस शोधावा लागे. रेडिओ फळीला बोल्टने आवळलेला. साबणाची वडी साखळीला बांधता येईल का, यावर त्यांनी एक अख्खा रविवार घालवला होता. एकदा मी व्हरांड्यातली खुर्ची आत ओढायला गेलो आणि माझ्या कमरेत उसण भरली. खुर्ची फरशीला पक्की. "वारा सुटला तर?" आतोबांनी शांतपणे विचारलं. खुर्ची शिसवीची होती.

आत्याचा पाटा त्यांनी ओट्याशेजारी सिमेंटात बसवला, तेव्हा मात्र घरात आठ दिवस अबोला होता. पाटा आत्याच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, वणीहून दिलेला. "वाटताना हलतो म्हणून तूच कुरकुर करत होतीस," आतोबा म्हणाले. "हलतो म्हटलं होतं, पुरून टाका नव्हतं म्हटलं," आत्या म्हणाली.

निवृत्तीनंतर आतोबांनी बंगला बँकेकडे गहाण ठेवून द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना काढला. खोकी अशी मजबूत की त्यात द्राक्षंच काय, द्राक्षवालाही बसला असता. भावही तसाच, त्यामुळे निम्मे बागायतदार दुसरीकडे गेले, आणि उरलेल्यांच्या बागा एका वर्षी गारपिटीने झोपल्या. कर्ज फुगत गेलं, इतकं की बंगला विकूनही ते फिटेना. शेवटी बँकेनेच तोडगा काढला: घर तुम्ही विका, येईल ते सगळं भरा, वरचं आम्ही सोडतो. गिऱ्हाईक मिळालं ते चांदवडचे एक कांद्याचे व्यापारी. मुलांच्या शाळेसाठी नवरा-बायकोला नाशकात यायचं होतं.

आतोबा खचतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांना प्रश्न पडला तो निराळाच: घरातलं कायद्याने आपण काय नेऊ शकतो? मला घेऊन ते वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, "सोपं आहे काका. उचलून नेता येतं ते तुमचं. भांडी, गाद्या, कपाटं, खुशाल न्या. पण भिंतीत, जमिनीत कायमचं बसवलंय ते घराबरोबर जातं, आणि घर तर बँकेकडे गहाण आहे. त्यातलं काही हवं असेल तर कराराच्या आधी सांगा आणि घेणाऱ्याची न् बँकेची लेखी संमती घ्या. सही झाल्यावर मागून उपयोग नाही."

आतोबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं काहीच नाही."

म्हातारा भावुक झाला असं वकिलांना वाटलं. मला हसू आवरेना. घड्याळ, रेडिओ वगैरे स्क्रू काढून न्या, त्याला कोणी हरकत घेत नाही, असं वकिलांनी परोपरीने समजावलं. पण आतोबांना 'कायमचं' हा शब्द लागला होता. "मी तात्पुरतं काहीही बसवलेलं नाही," ते बाणेदारपणे म्हणाले आणि उठले.

घरी येऊन त्यांनी सुवाच्य अक्षरात यादी केली. घराबरोबर जाणाऱ्या वस्तू साडेतीन पानं, आपण न्यायच्या वस्तू अर्धं पान. पाटा पहिल्याच पानावर, घराच्या बाजूला. आत्याने यादी वाचली, चष्मा काढून ठेवला आणि नुसतं "बरं" म्हणाली. ती भांडली असती तर आतोबा सुखाने जेवले असते. त्या एका 'बरं'पायी ते दोन दिवस अंगणात फेऱ्या मारत होते.

कराराच्या दिवशी बँकेत आम्ही सगळे जमलो. व्यापाऱ्यांनी पेन उघडलं आणि आतोबांनी शाळेत करतात तसा हात वर केला. ज्या माणसाने आयुष्यात शेजाऱ्याकडे शिडी मागितली नव्हती, तो म्हणाला, "एक मागायचं होतं. पाटा. सिमेंटात आहे, म्हणजे तो तुमचाच. पण हिच्या आईने दिलेला आहे."

व्यापारी मोठ्याने हसले. "आवो काका, त्यात काय मागायचं? घेऊन जा की." त्यांची बायको मात्र हसली नाही. ती आत्याकडे वळून म्हणाली, "मावशी, माह्या आईचा पाटा भावजयीकडं गेला. अजून लय आठवतो. तुमी नाय सोडायचा."

बँकेच्या साहेबांनी यादीत 'पाटा, नग एक, विकणाऱ्याकडे' असं लिहून शिक्का मारला. पाट्यावरचा बोजा उतरवल्याची बँकेच्या दप्तरातली ती एकमेव नोंद असावी. तो उखडायला दोन गवंडी आणि एक अख्खी सकाळ लागली. "कोनी बसवला हो ह्यो?" एक गवंडी घाम पुसत म्हणाला. आतोबांनी अभिमान लपवायचा प्रयत्नही केला नाही. ओट्याचा फुटलेला कोपरा त्यांनी स्वतः थापी घेऊन भरून दिला, मगच किल्ल्या सुपूर्द केल्या. सामान भरायला खोकी मुबलक होतीच. जवळच्याच उपनगर भागात दोन भाड्याच्या खोल्यांत बिऱ्हाड लागलं आणि कित्येक वर्षांनी मी आतोबांना भरदुपारी गाढ झोपलेलं पाहिलं.

दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांचा निरोप आला: टाकीचा वॉल्व्ह सापडत नाही. आतोबा मला घेऊन गेले. दोन मिनिटांचं काम. निघणार तोच त्या बाई म्हणाल्या, "बसा ना काका. चहा घेतल्याबिगर नाय जायाचं." त्या घरात आतोबांना 'बसा' असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. ते क्षणभर गोंधळले, मग दाराजवळ अंग चोरून बसले. आतल्या खोलीत मुलं पाढे म्हणत होती. चहा झाल्यावर सवयीने कपबशी उचलून ते स्वयंपाकघराकडे निघाले, उंबऱ्याशी थबकले आणि त्यांनी ती बाईंच्या हातात दिली.

निघताना त्यांनी फाटकाची कडी दोनदा ओढून पाहिली. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "चहात आलं छान घालतात. सुखात राहतील." मग नेहमीपेक्षा जरा सावकाश चालू लागले, आणि मीही माझी पावलं लहान केली.