आक्काची पाटी

आक्का गेल्याचं मला संगमनेरच्या एका डॉक्टरांच्या खोलीत कळलं. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. गळ्यात टाय, हातात फुगलेली बॅग, आणि नगर जिल्ह्यातल्या डॉक्टरांचे उंबरे झिजवणं हा माझा बारा वर्षांचा धंदा. त्या सकाळी खोकल्याच्या एका नव्या औषधाचं गुणगान चाललं होतं. टेबलावरचा फोन वाजला, डॉक्टरांनी ऐकलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. नगरहून ट्रंककॉल लावून बायको बोलत होती. "अहो, आक्का गेल्या... पहाटे." मी "बरं" म्हणालो, रिसीव्हर ठेवला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं, "...आणि दुष्परिणाम म्हणाल तर जवळजवळ नाहीतच." डॉक्टरांनी माझी बाटली बाजूला सारली. "अहो, काय बोलताय? जा तुम्ही," ते म्हणाले. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय बोललो ते.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. ते वाक्य आठवलं की अजून मला स्वतःची शिसारी येते.

आक्का माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पुढच्याच वर्षी आक्काचं लग्न पुणतांब्याला झालं, मी पाठराखणीला म्हणून तिच्याबरोबर गेलो तो तिथलाच होऊन राहिलो. दाजी, म्हणजे तिचे यजमान, गोदावरीकाठचे शेतकरी. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तर पुष्कळ, पण बायकोबरोबर आलेल्या या आहेराबद्दल त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. स्वतः दोन यत्तांपलीकडे न गेलेल्या आक्कानं मला नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिनं सगळ्या आळीत पेढे वाटले, आणि मी टाय बांधून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा पदर तोंडाला लावून पोट धरधरून हसली. "बाळू, ह्यो गळ्यात कासरा कुणी बांधला रं तुला?"

डॉक्टरांना फुकट वाटायची सॅम्पलं आमच्याकडे ढिगानं येत. दर भाऊबीजेला साडीबरोबर मी तिच्या ताटात टॉनिकची एक बाटली ओवाळणी म्हणून घालायचो. ती बाटली वर्षभर फळीवर देवासारखी मांडलेली असे. शेजारणी विचारत, त्यांना ती चमचा चमचा देई. "माझ्या भावाच्या कंपनीचं हाय. खोटं कसं आसंल?" सगळ्या गावाचा औषधांवर विश्वास होता तो असा, तिच्या भावावरून आलेला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना हात जड होतो. आमच्या धंद्यात एक रीत होती. खोक्यांनी बॅगेत फार जागा अडते, म्हणून घरीच खोकी फोडायची, बाटल्या कापडात गुंडाळायच्या, गोळ्यांच्या पट्ट्यांना रबरबँड लावायचं, की दुप्पट माल मावतो. खोक्यातून निघणारे बारीक इंग्रजी अक्षरांचे घडीचे कागद मी गठ्ठा बांधून आक्काकडे न्यायचो. ते गुळगुळीत कागद भुरकन पेटत. आक्का रोज सकाळी त्यांनी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायची.

तिची एकुलती एक लेक मंगल सात वर्षांची असताना तिच्या गळ्याला क्षयाच्या गाठी झाल्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. माझ्या कंपनीचीच होती, मग विकत कशाला घ्यायची? मी सगळ्या बाटल्या आणून दिल्या, खोक्यातून काढून, कापडात गुंडाळून. गावातला कंपाउंडर रोज येऊन सुई टोचून जाई. तीन आठवड्यांनी गेलो तर आक्का म्हणाली, "बाळू, पोरगी म्हनती कानात रातकिडं वरडत्यात. चालतानाबी झोक जातोय तिचा. सुया थांबवू का?" मी चहा पीत होतो. बशी खाली न ठेवता म्हणालो, "अशक्तपणा असेल. अर्ध्यात सोडू नकोस, चालू ठेव." तिनं सुया चालू ठेवल्या. गाठी बऱ्या झाल्या. दिवाळीपर्यंत मंगलचे दोन्ही कान गेले.

कानात आवाज आला तर औषध ताबडतोब थांबवा, डॉक्टरांना कळवा... त्या इंजेक्शनाच्या कागदावर हे छापलेलं होतं. मी नंतर घरी एक खोकं उघडून वाचलं. तोवर तसल्या कागदांवर आक्काच्या घरी कितीतरी दिवस पाणी तापलं होतं.

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "कागदावर लिवलेलं नसतंय का रं काही?" आणि मी... मी म्हणालो, "लिहिलेलं असतं आक्का, पण ते डॉक्टरी भाषेत. आम्हाला नाही कळत वाचून." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. उलट मलाच धीर दिला, "मग तुझा तरी काय दोष? ज्यांनी बनवलं त्यांनी सांगाया नगं?" ते पांघरूण मी पाच वर्षं अंगावर ओढून बसलो.

मग आक्काच्या घरात दोन गोष्टी झाल्या. पाटी आली आणि औषधं गेली. मंगलशी बोलता यावं म्हणून आक्का पस्तिशी उलटल्यावर लेकीबरोबर पुन्हा अक्षरं गिरवायला बसली. "जेव", "ये", "शेळीला पाला टाक" असं मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून ती पाटी मंगलपुढे धरायची, आणि लिहिताना जीभ दातांत धरायची. फळीवरच्या टॉनिकच्या बाटल्या तिनं रिकाम्या करून त्यांत रॉकेल भरलं. एका निवृत्त मास्तरांनी संगमनेरला निसर्गोपचाराचं शिबिर भरवलं होतं, तिथे चार दिवस राहून ती पोटावरच्या मातीच्या पट्ट्या, उपास, मोडाची कडधान्यं, कोवळं ऊन असं सगळं शिकून आली. नदीची माती स्वतः चाळायची. वर्षा-दोन वर्षांत तिच्या ओसरीवर राहत्याहून, कोपरगावहून बायका यायला लागल्या. कुणाचं डोकं उठायचं थांबलं, कुणाची पोटाची तक्रार गेली, कुणाची रोजच्या झोपेच्या गोळीची सवय सुटली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, खोटं म्हणणार नाही. आपल्याला कुणी काही सांगत नाही, फक्त विकतात, ही चीड त्या बायकांच्याही मनात होतीच, आक्कानं त्या चिडीला बसायला जागा दिली. दुष्काळात लोक खडी फोडायच्या कामावर जात, तिथेही ती कडुनिंब आणि अडुळसा वाटायची. एक औषध दुकानदार मला चिडवायचा, "तुम्ही विकता आणि तुमची बहीण वाटेत अडवते!"

मला मात्र ती अडवत नव्हती. भाऊबीजेला ओवाळायची, गोडधोड करायची. ताटात बाटली घालायची हिंमत मला पुन्हा झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला खोकला लागला. अडुळशाचा काढा झाला, मध झाला, उन्हात बसणं झालं. भाऊबीजेला गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली. गालांची हाडं वर आलेली, पदराच्या टोकाला रक्ताचा डाग. मला कळायला डॉक्टर लागला नाही. तिनं बसूनच ओवाळलं, तबक खालून मंगलनं धरलं होतं. मी बॅगेतून क्षयाच्या गोळ्यांचं खोकं काढलं, न फोडलेलं, आणि ताटात ठेवलं.

"आक्का, पाया पडतो तुझ्या. ही तरी घे."

तिनं खोक्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "कागुद हाय आत?"

"आहे."

"मग वाच. सगळा वाच. मला कळंल आसा."

मला आशा वाटली. वाटलं, एकदाचं सगळं खरंखरं सांगितलं तर घेईल. मी कागद उलगडला आणि एकेक ओळ मराठीत करून वाचली. किती घ्यायच्या, किती महिने घ्यायच्या, हातापायाला मुंग्या आल्या तर काय, डोळे पिवळे दिसले तर काय. कुठे अडखळलो नाही, काही गाळलं नाही. कशी अक्कल गेली होती माझी! वाचून झालं आणि मी वर पाहिलं. आक्काचे डोळे कागदावर नव्हतेच, माझ्यावर होते.

"म्हंजी वाचता येत हुतं तुला," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढला नाही. तिनं खोकं ताटातून उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, वर एक लाडू ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी आणखी तीनदा गेलो. दाजींनी हात जोडले, मंगल रडली. तिनं गोळीला हात लावला नाही. मी पाच वर्षांपूर्वी खरं बोललो असतो तर तिनं कदाचित मला चपलेनं मारलं असतं, आणि आज ती जिवंत असती. याहून वेगळं मला काही वाटत नाही.

परवा दाजींचं पत्र आलं म्हणून गेलो. मंगल खोकते आहे. आईची सेवा तिनंच केली होती. आता ती बारा वर्षांची. डॉक्टरांनी तपासून त्याच गोळ्या दिल्यात, पण पोरगी तोंड मिटून बसली आहे. कोनाड्यात आक्काची पाटी तशीच उभी होती. तिच्यावर आक्काच्या हातचे शेवटचे दोन शब्द, "पाणी तापव". मी पाटी घेतली तशी मंगलनं झडप घालून माझं मनगट धरलं. पुसू देईना. मग मी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. कागदावरची एक ओळ लिहायची, तिनं वाचायची, मग तळव्यानं पुसून पुढची. सगळं संपल्यावर तिनं स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि तिच्या त्या जड, सपाट आवाजात विचारलं, "कान?"

मी लिहिलं, "या गोळीनं जात नाहीत. त्या सुईनं गेले. कागदावर लिहिलं होतं. मला वाचता येत होतं."

तिनं ते दोनदा वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. खोक्यातली गोळी स्वतः काढली, तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली. नंतर ती पाटी माझ्या हातून घेतली आणि न पुसता कोनाड्यात उभी केली, आक्काची अक्षरं बाहेर, माझी भिंतीकडे. आणि चूल पेटवायला आत गेली.